दहा मतांचा महापौर आणि कारभाराच्या किल्ल्या

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी, बर्लिंग्टन नावाचे शहर आहे. व्हरमाँट राज्यातले ते सर्वांत मोठे शहर, पण २०२० च्या जनगणनेत तिथे मोजली गेलेली माणसे ४४,७४३. महाराष्ट्राच्या हिशेबाने ही ‘ब’ वर्गातली नगरपरिषद झाली असती आणि तिच्या प्रमुखाला आपण महापौर नव्हे, नगराध्यक्ष म्हटले असते. तरीही या लेखात मी महापौर हाच शब्द वापरणार आहे, कारण तिथे शहर लहान असो वा मोठे, पद एकच आहे. आणि या एवढ्याशा शहरातल्या त्या पदाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, तो एका प्रश्नामुळे. शहराचा प्रमुख लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी आपल्यातून निवडावा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालू आहे. बर्लिंग्टनमध्ये हा वाद नाही. तिथे थेट निवडणूक गृहीतच धरलेली आहे. म्हणूनच थेट निवडणुकीने काय साधते आणि काय साधत नाही, हे तिथे स्वच्छ दिसते. माझे म्हणणे असे की निवडणुकीची पद्धत हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग तिजोरीच्या आणि नेमणुकांच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हा, आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही.

बर्लिंग्टनला शहराचा दर्जा मिळाला तो १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपले त्याच वर्षी. ॲल्बर्ट कॅटलिन हे पहिले महापौर. राज्याच्या विधिमंडळाने दिलेल्या सनदेवर शहराचा कारभार उभा राहिला, आणि त्या काळच्या अमेरिकी समजुतीप्रमाणे त्यात महापौराच्या हाती फारसे काही ठेवलेले नव्हते. राजाला झुगारून दिलेल्या लोकांना गावातही छोटा राजा नको होता. त्यामुळे नगरसेवकांचे मंडळ आणि निरनिराळ्या खात्यांवर नागरिकांची मंडळे अशी अधिकारांची वाटणी झाली आणि महापौर त्यांच्या मध्यभागी, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने, बसला. अमेरिकी राज्यशास्त्रात अशा रचनेला ‘दुर्बळ महापौर’ पद्धत असे सरळ नाव आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या दुर्बळपणावर एक वेगळाच उपाय निघाला. व्हर्जिनियातल्या स्टाँटन या गावाने १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक नेमला. ओहायोतल्या डेटनने १९१३ च्या महापुरात शहर बुडाल्यावर तीच वाट धरली आणि मग शेकडो लहान शहरे त्या वाटेने गेली. नगरसेवकांनी धोरण ठरवायचे, प्रशिक्षित व्यवस्थापकाने ते राबवायचे, आणि महापौराने सभेचे अध्यक्षस्थान घेऊन फिती कापायच्या, अशी ही व्यवस्था. आपल्या आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची आठवण व्हावी अशी ती आहे, पण एक मूलभूत फरक नजरेआड करता येत नाही. तो व्यवस्थापक नगरसेवकच नेमतात आणि नगरसेवकच घरी पाठवतात. त्याची बदली राज्याच्या राजधानीतून होत नाही. बर्लिंग्टनने मात्र व्यवस्थापकाची वाट धरली नाही. थेट निवडलेला महापौर कायम ठेवला, आणि त्या पदाला बळ यायचे ते कुणा एका कायद्याने न येता माणसांच्या धडपडीतून, हळूहळू आणि वेडेवाकडे आले.

या धडपडीतला पहिला लक्षात राहणारा माणूस जेम्स बर्क. हा लोहार. आयरिश, कॅथलिक आणि डेमोक्रॅट, म्हणजे त्या वेळच्या यँकी (जुन्या इंग्रज वंशाच्या), प्रोटेस्टंट, रिपब्लिकन बर्लिंग्टनच्या दृष्टीने तिन्ही अंगांनी परका. १९०३ मध्ये तो महापौर झाला, पुढे हरला, पुन्हा निवडून आला, आणि अगदी १९३३ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, आणखी एकदा निवडून आला. त्याच्या कारकिर्दीतली टिकाऊ गोष्ट म्हणजे शहराच्या मालकीची वीज. १९०५ मध्ये शहराचे स्वतःचे वीज खाते सुरू झाले, ते आजही चालू आहे. १९८४ मध्ये लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे ५० मेगावॅटचे मॅकनील वीजकेंद्र उभे राहिले आणि २०१४ पासून आपली सगळी वीज अक्षय स्रोतांतून येते असे शहर सांगू लागले. लाकूड जाळून केलेल्या विजेला हरित म्हणावे का, यावर तिथल्याच पर्यावरणवाद्यांत कडाक्याचे मतभेद आहेत, आणि मला ते रास्त वाटतात. पण मुद्दा वेगळा आहे. बर्क हा काही बलवान पदावर बसलेला माणूस नव्हता. त्याने भाषणांपेक्षा एक संस्था उभी करण्यावर जोर दिला, आणि ती संस्था त्याच्या पराभवानंतरही मागे राहिली. दुर्बळ पदावरच्या माणसाला एवढे करता येते.

त्यानंतरच्या कित्येक दशकांवर घाईने नजर टाकली तरी चालेल. १९७१ पासून गॉर्डन पॅकेट हे डेमोक्रॅट महापौर सलग पाच वेळा निवडून आले, आणि १९८१ पर्यंत परिस्थिती अशी झाली की रिपब्लिकन पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवार देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. अशा बिनविरोधी वाटणाऱ्या निवडणुकीत एक अपक्ष उभा राहिला. राज्यपालपदाच्या आणि सिनेटच्या मिळून चार निवडणुका दणकून हरलेला, ब्रुकलिनच्या उच्चाराने बोलणारा, स्वतःला समाजवादी म्हणवणारा बर्नी सँडर्स. पॅकेट यांनी मालमत्ता कर वाढवायचा प्रस्ताव मांडला होता, पोलिसांची संघटना त्यांच्यावर नाराज होती, गरीब वस्त्यांतले भाडेकरू अस्वस्थ होते. फेरमोजणीनंतर सँडर्स दहा मतांनी निवडून आले.

सँडर्स पुढे खासदार झाले, सिनेटर झाले, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दोनदा झुंजले, त्यामुळे त्या दहा मतांची गोष्ट दंतकथेसारखी सांगितली जाते. मला मात्र तिच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तेरा जणांच्या नगरसेवक मंडळात सँडर्स यांच्या बाजूचे दोनच होते. त्यांनी खातेप्रमुखांच्या नेमणुकांसाठी नावे पाठवली, मंडळाने ती फेटाळली. लोकांनी थेट निवडून दिलेला महापौर आधीच्या महापौराच्या अधिकाऱ्यांसह कारभार करू लागला. जनादेश त्यांच्या खिशात होता. कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या खिशात होत्या. थेट निवडणूक झाली की लोकांचे राज्य आले, असे मानणाऱ्यांनी हे १९८१ चे वर्ष नीट अभ्यासावे.

ही कोंडी फुटली ती न्यायालयात नाही आणि आंदोलनानेही नाही. पुढच्या मार्चमध्ये नगरसेवकांच्या काही जागांची निवडणूक आली. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग डे असतो. त्या दिवशी गावे सभा भरवतात आणि शहरे मतदान करतात. १९८२ च्या त्या मतदानात सँडर्स यांच्या गटाचे नगरसेवक दोनाचे पाच झाले. पाच म्हणजे बहुमत नव्हे, आणि सँडर्स यांना महापौर असेपर्यंत मंडळात बहुमत कधीच मिळाले नाही. पण महापौराचा नकाराधिकार मोडून काढता येऊ नये एवढे ते पुरेसे होते. तिथून मंडळाला तडजोड करणे भाग पडले, नेमणुका मंजूर होऊ लागल्या, आणि सँडर्स यांनी नेमलेल्या खजिनदाराने शहराच्या हिशेबांची झाडाझडती घेतली. शहराचा विमा वर्षानुवर्षे ओळखीपाळखीच्या एजंटांकडे जात होता. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या आणि पैसा वाचला. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या माणसाचा पहिला ठोस पराक्रम म्हणजे विम्याची निविदा, यात कुणाला विनोद दिसेल. मला तरी शहराचा कारभार मुख्यतः याच गोष्टींत असतो असे वाटते.

त्या काळातले सर्वांत दूरगामी काम घरांचे. १९८४ मध्ये शहराने दोन लाख डॉलर्सचे बीजभांडवल देऊन एक सामुदायिक भूमी न्यास उभा केला. त्याची रीत अशी की जमीन न्यासाच्या मालकीची राहते, घर कुटुंबाच्या मालकीचे होते, आणि ते कुटुंब घर विकते तेव्हा वाढलेल्या किमतीचा साधारण चौथा हिस्साच त्याला मिळतो. उरलेला वाढावा घरातच राहतो, म्हणून पुढच्या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते घर परवडते. सवलतीचे घर एका लॉटरीत एका कुटुंबाला मिळाले आणि काही वर्षांत बाजारभावाने विकले गेले, ही आपल्याकडची नेहमीची कथा या पद्धतीत घडू शकत नाही. हा न्यास पुढे दुसऱ्या एका संस्थेत मिसळून शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झाला. महापौर बदलले, पक्ष बदलले, न्यास राहिला. बर्कच्या वीज खात्यासारखेच हे.

पण सँडर्स यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग त्यांच्या पराभवाचा आहे. सरोवराचा काठ तेव्हा रेल्वेच्या जुन्या यार्डांनी आणि तेलाच्या टाक्यांनी अडवलेला होता. तिथे हॉटेल, घरे आणि कार्यालये बांधायची एका विकासकाची योजना महापौरांनी उचलून धरली, आणि सार्वजनिक सोयींसाठी कर्जरोखे काढायचा प्रश्न डिसेंबर १९८५ मध्ये मतदारांपुढे ठेवला. त्याला दोन तृतीयांश मते लागणार होती. निम्म्याहून थोडीच जास्त पडली. विरोध केला तो उजव्यांनी नव्हे, सँडर्स यांच्याच डावीकडच्या आणि पर्यावरणवादी मतदारांनी. काठ लोकांचा आहे, तो विकू नका, असे त्यांचे म्हणणे. मग शहराने पवित्रा बदलला आणि न्यायालयात असे मांडले की भराव घालून तयार झालेली ही जमीन मुळात सरोवराचा तळ होती, आणि सरोवराचा तळ जनतेच्या वतीने विश्वस्ताच्या नात्याने जपायचा असतो. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हे तत्त्व मान्य केले. आज तिथे उद्यान आणि काठाने जाणारा सायकलमार्ग आहे. महापौराला त्याच्याच माणसांनी अडवले म्हणून शहराला त्याच्या मूळ योजनेपेक्षा चांगले काही मिळाले. बलवान महापौराचे गोडवे गाणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा आहे, आणि मी स्वतः अधिकारसंपन्न महापौराच्या बाजूचा असल्याने मलाही तो अडचणीचा आहे.

सँडर्स यांच्या मागून त्यांचेच सहकारी पीटर क्लेव्हेल आले, १९९३ मध्ये एकदा रिपब्लिकन उमेदवाराकडून हरले, १९९५ मध्ये परतले आणि २००६ पर्यंत राहिले. या वर्षांत प्रोग्रेसिव्ह नावाचा स्थानिक पक्ष रुजला आणि शहरात तिरंगी लढती नेहमीच्या झाल्या. तेव्हा २००५ मध्ये मतदारांनी पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितात, त्याच जातीची ही पद्धत. फक्त एकाच जागेसाठी. २००९ मध्ये तिने गोंधळ घातला. पहिल्या पसंतीत रिपब्लिकन कर्ट राइट पुढे होते, प्रोग्रेसिव्ह बॉब किस दुसरे आणि डेमोक्रॅट अँडी माँट्रॉल तिसरे. माँट्रॉल बाद होऊन त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजल्यावर किस २५२ मतांनी जिंकले. पण मतपत्रिका बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की समोरासमोरच्या लढतीत माँट्रॉल यांनी दोघांनाही हरवले असते. निवडणूकशास्त्राच्या अभ्यासकांना आयुष्यभराचे खाद्य मिळाले, आणि मतदारांनी २०१० मध्ये ती पद्धत रद्द केली. ती रद्द झाली याला गणितापेक्षा महापौरांवरचा राग जास्त कारणीभूत होता असे माझे मत आहे, कारण मधल्या काळात शहराला एका आर्थिक घोटाळ्याची बातमी मिळाली होती.

शहराने स्वतःच्या मालकीचे इंटरनेट, टीव्ही आणि दूरध्वनीचे जाळे उभारले होते, बर्लिंग्टन टेलिकॉम. बर्कच्या विजेची परंपरा पुढे नेणारी ही कल्पना, आणि कल्पना म्हणून मी आजही तिच्या बाजूचा आहे. राज्याच्या परवान्यात अट अशी होती की शहराच्या सामायिक निधीतून उचललेला पैसा साठ दिवसांत परत करायचा. २००९ मध्ये उघड झाले की त्या निधीतून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर्स या जाळ्यात गेले आहेत आणि परत आलेले नाहीत. नगरसेवकांना त्याचा वेळेवर पत्ताही नव्हता. पंचेचाळीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या शहराला ही रक्कम किती जड, हे सांगायला नको. उपकरणांसाठी पैसा पुरवणाऱ्या सिटी बँकेने ३ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर्सचा दावा लावला. २०१२ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेने शहराचे पतमानांकन घसरवून गुंतवणुकीयोग्य दर्जाच्या शेवटच्या पायरीवर आणून ठेवले. १९८१ मध्ये नगरसेवक महापौराला एकही माणूस नेमू देत नव्हते. २००९ मध्ये महापौराच्या कार्यालयाने कोट्यवधी खर्च केले आणि नगरसेवक मागे राहिले. एकाच शहरात, तीस वर्षांच्या आत, लंबक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळी महापौर थेटच निवडलेला होता.

२०१२ मध्ये मिरो वाइनबर्गर निवडून आले. १९८१ नंतरचे हे पहिले डेमोक्रॅट महापौर. त्यांनी २०१४ मध्ये सिटी बँकेशी तडजोड केली, पत हळूहळू सावरली, जाळे पुढे खासगी कंपनीला विकले गेले. त्यांच्या उत्तरकाळात नगरपरिषदेने २०२० मध्ये पोलिसांची मंजूर संख्या १०५ वरून ७४ वर आणायचे ठरवले आणि त्यावरून शहर दुभंगले. २०२२ मध्ये महापौरांनी पोलिसप्रमुखाचे नाव सुचवले, परिषदेत सहा विरुद्ध सहा मते पडली आणि नेमणूक फेटाळली गेली. प्रमुख वर्षाहून अधिक काळ प्रभारी म्हणूनच काम करत राहिले. चाळीस वर्षांपूर्वीच्या सँडर्स यांच्या नावांचे जे झाले, तेच. २०२४ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या एमा मलव्हेनी-स्टॅनॅक निवडून आल्या. एकशे एकोणसाठ वर्षांत या पदावर आलेली ही पहिली स्त्री. पुरोगामी म्हणून जगभर मिरवणाऱ्या शहराला एवढा वेळ लागावा, याची नोंद करून पुढे जातो.

एक गोष्ट अजून सांगायला हवी, कारण बर्लिंग्टनचे चित्र स्वायत्त गणराज्यासारखे भासण्याचा धोका आहे. शहराची सनद बदलायची तर मतदारांनी कौल दिला तरी पुरत नाही; राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागते. २०२१ मध्ये भाडेकरूंना सबळ कारणाशिवाय घराबाहेर काढता येऊ नये असा बदल मतदारांनी मोठ्या बहुमताने मान्य केला. विधिमंडळानेही मान्य केला. राज्यपालांनी २०२२ मध्ये नकाराधिकार वापरला, आणि तो मोडून काढायला प्रतिनिधिगृहात एक मत कमी पडले. शहरावर राज्याची सावली तिथेही आहेच. फरक एवढाच की राज्य तिथे शहराचे कायदे अडवते, शहराचा कारभारी नेमत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. नगराध्यक्षाच्या थेट निवडणुकीचा महाराष्ट्रातला प्रवास पाहिला तर लपंडाव आठवतो. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी सरकार बदलले किंवा सत्ताधाऱ्यांचे गणित बदलले, आणि प्रत्येक वेळी लोकशाहीचेच नाव घेतले गेले. या साऱ्या येरझाऱ्यांत मुख्याधिकारी कोण नेमणार या प्रश्नाला कोणत्याही सरकारने हात लावला नाही. तो राज्यच नेमते. महानगरपालिकांत तर महापौर अडीच वर्षांचा, नगरसेवकांनी निवडलेला, आणि अंमलबजावणीचे अधिकार राज्याने पाठवलेल्या आयुक्ताकडे. निवडून आलेल्यांच्या हाती कारभार देणारी महापौर परिषदेची पद्धत १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे आणली गेली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. तिला धड चुका करायलाही वेळ मिळाला नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती नेमणुका आणि निविदा गेल्या तर काय होईल ते आपण जाणतो, निदान अधिकारी शिकलेला असतो, त्याला नियम माहीत असतात, असे लोक म्हणतात. बर्लिंग्टन टेलिकॉमचे उदाहरण मी झाकून ठेवले नाही ते याचसाठी. पण तिथे पुढे काय झाले तेही पाहावे. दोष कुणाचा हे मतदारांना ठाऊक होते. महापौरांचा राजकीय शेवट झाला, पुढच्या महापौराला शहराची पत सावरण्याच्या कामाचे श्रेय आणि ओझे दोन्ही मिळाले. आपल्याकडे पाण्याची योजना दहा वर्षे रखडली तर नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्याकडे बोट दाखवतो, मुख्याधिकारी तोवर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेला असतो, आणि नवा मुख्याधिकारी फाइल मागवून घेतो. इथे अधिकार आणि जबाबदारी यांची गाठच पडत नाही, मग मतदाराने राग काढायचा कोणावर?

म्हणून नगराध्यक्षाची थेट निवडणूक आणखी एकदा काढायची की ठेवायची यावर विधानसभेत पुन्हा चर्चा झालीच, तर तिच्यासोबत एक साधी दुरुस्ती मांडून पाहावी. मुख्याधिकारी राज्याच्या सेवेतलाच असू द्या, त्याची पात्रता राज्यानेच ठरवू द्या. पण पात्र नावांच्या यादीतून निवड नगराध्यक्षाने करावी, नगरपरिषदेने उघड मतदानाने तिला मान्यता द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीआधी त्याची बदली नगरपरिषदेच्या ठरावाशिवाय होऊ नये. शिवाय नगरपरिषदेच्या बँकखात्यांतल्या शिलकीचा तक्ता दर महिन्याच्या सभेपुढे आलाच पाहिजे, कारण बर्लिंग्टनमध्ये नेमका तोच वेळेवर आला नव्हता. या दुरुस्तीला कोणता पक्ष विरोध करतो आणि कोणत्या कारणाने करतो, हे मला ऐकायचे आहे.